बरडावरची वर्तुळे

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे दीड दशक उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जे गाव उजेडात आले, तिथली माणसे आपले मृत घरातच पुरत होती. लहान मूल गेले की दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यात ते ठेवायचे आणि ते रांजण घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात गाडायचे. मोठ्या माणसांना उताणे निजवून पुरत, आणि बहुतेकदा त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला. हे गाव इ.स.पू. 700 च्या सुमारास उजाड झाले. त्याच्या अखेरच्या काळाला लागूनच तिकडे पूर्वेला, वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या मुलखात, लोखंड वापरणारे लोक आपल्या मृतांना वस्तीबाहेर नेऊन माळावर दगडांच्या वर्तुळात ठेवत होते. दोघेही शेती करत, दोघेही गुरे पाळत. तरी एकाने मृताला चुलीजवळ ठेवले आणि दुसऱ्याने त्याला चढावर नेले. हा फरक निव्वळ अंत्यविधीचा नाही, असे माझे मत आहे. मृताची जागा कुठे, या प्रश्नामागे जमीन कोणाची आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न उभा असतो. विदर्भाच्या शिळावर्तुळांनी त्याला दिलेले उत्तर फार विचारपूर्वक दिलेले आहे.

नागपूरहून काटोलकडे जाताना शहर संपता संपता जुनापाणी लागते. तिथे माळावर वेगवेगळ्या गटांत मिळून सुमारे 300 वर्तुळे आहेत. त्याच वाटेने थोडे पुढे माहूरझरी, दक्षिणेला बुटीबोरीजवळ टाकळघाट आणि खापा, ईशान्येला पेंचकाठी नैकुंड. शिवाय बोरगाव, खैरवाडा, भागीमोहारी, हिंगण्याजवळचे रायपूर. या ठिकाणांपैकी बहुसंख्य आजच्या नागपूर जिल्ह्यातच पडतात. प्रत्येक वर्तुळाची घडण साधारण अशी. जमीन वरवर खणून किंवा नुसती सपाट करून त्यावर मृताचे अवशेष, मडकी, लोखंडी हत्यारे, कधी तांब्याची भांडी आणि मणी ठेवायचे. त्यावर काळी चिकण माती घालायची, वर मुरूम आणि गोटे रचून उंचवटा करायचा आणि भोवताली मोठमोठ्या काळ्या धोंड्यांचे कडे बसवायचे. काही कडी जेमतेम पाच-सहा मीटर रुंद, तर काही वीस मीटरांच्या आसपास. आज बरेच उंचवटे झिजून जमिनीला टेकले आहेत, म्हणून आपण त्यांना वर्तुळे म्हणतो. बांधली तेव्हा ती दगडांच्या चौकटीतली टेकाडे होती.

ही टेकाडे कुठे आहेत, हे कळायला नागपूरकडच्या शेतकऱ्याची जमिनीची वर्गवारी उपयोगी पडते. नदीकाठची खोल, ओल धरणारी ती काळी. तिच्याहून थोडी हलकी मोरंड. मग चुनखडी मिसळलेली खरडी. आणि टेकड्यांच्या उतारावर, माथ्यावर पातळ लाल-पिवळसर मुरमाड थर उरतो ती बरडी. गावची जुनी वस्ती ज्या राखाडी मातीच्या टेकाडावर असते, ती पांढरी. या वर्गवारीवर प्राचीन अवशेष ठेवून पाहिले तर एक मांडणी स्पष्ट दिसते. महापाषाणीय लोकांची, म्हणजे ही वर्तुळे बांधणाऱ्यांची, राहती गावे, उदाहरणार्थ टाकळघाट, नैकुंड, भागीमोहारी, नदी-ओढ्यांच्या काठी, काळीच्या शेजारी आहेत. त्यांची वर्तुळे मात्र बरडीवर, टेकड्यांच्या पायथ्याशी आणि सपाट माथ्यांवर, पाण्यापासून फार लांब नाहीत पण पिकाच्या जमिनीपासून वेगळी अशी आहेत. माझे म्हणणे असे की ही वर्तुळे बरडीवर टाकलेली नाहीत, बरडीसाठी बांधलेली आहेत. काळीवरचा हक्क नांगर, बांध आणि राहते घर सांगते. ज्या जमिनीवर नांगर चालत नाही पण जिच्यावाचून गुरे जगत नाहीत, तिथला हक्क सांगायला दुसरी खूण लागते. ती खूण या लोकांनी आपल्या मृतांकरवी उभी केली.

यावर सगळ्यात सोपा आणि वरवर पटणारा आक्षेप सोयीचा आहे. पिकाची जमीन मेलेल्यांसाठी कोण अडवील? बरडी पडीक, दगड तिथेच पडलेले, मग वर्तुळे तिथेच होणार. त्यात हक्काबिक्काचा प्रश्न कुठे येतो? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. श्रम वाचवणे हाच हेतू असता तर मृताला वस्तीतच खड्ड्यात पुरून काम भागले असते. इनामगावकरांचे तसेच भागले होते. इथे तर माणसे मृतासोबत चढावर जातात, काही टन धोंडे गोळा करून गोलात बसवतात, आणि मुख्य म्हणजे काळी चिकण माती तिथवर आणतात. ही माती बरडीवर नसते. ती खालून, नदीकाठच्या पट्ट्यातून किंवा एखाद्या पाणथळ खोलगटातून टोपल्यांनी वाहून आणावी लागते. मृतावर आधी काळीची माती आणि तिच्यावर बरडीचा मुरूम, असा थर उत्खननात पुन्हा पुन्हा दिसतो. त्यामागची श्रद्धा काय होती, हे त्यांचे त्यांना माहीत. पण दोन्ही जमिनींचा मेळ एका थडग्यात घालण्यासाठी जे कष्ट उपसले गेले, ते सोयीच्या हिशेबात बसत नाहीत. पडीक हा शब्दही इथे दिशाभूल करतो. बरडी पडीक आहे ती ज्वारी-गव्हाच्या दृष्टीने. पावसाळ्यात गवत तिच्यावरच उगवते, सरपण तिच्यावर मिळते आणि लोखंड गाळायला लागणारा कोळसाही तिच्यावरच्या झाडोऱ्यातून येतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक तोच आधी घेईल. काळीवरही वर्तुळे असतील, पण अडीच हजार वर्षांच्या नांगराने ती मोडली. बरडीवर नांगर गेला नाही म्हणून तिथली उरली. मग आपण जी मांडणी पाहतो ती प्राचीन माणसाची नसून शेतकऱ्याच्या नांगराची. हा आक्षेप पूर्णपणे फेटाळता येत नाही. काळी आणि बरडी यांच्या सीमेवरची कित्येक वर्तुळे नक्कीच गेली असतील आणि म्हणून आज दिसणारी रेषा मूळ रेषेपेक्षा जास्त ठळक असेल, हे मान्य करायला हवे. पण मोडणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. दहा-पंधरा मीटर रुंदीचे कडे, आत गोट्यांचा ढीग, त्यात लोखंड आणि काळी-तांबडी मृद्भांडी. असे टेकाड मोडले तरी त्याचे धोंडे शेताच्या बांधावर जातात, गोटे आणि खापऱ्या मातीत पसरतात. खोल काळी जमीन अशी की तिच्यात हरभऱ्याएवढा खडासुद्धा उपरा दिसतो. त्याच काळ्या पट्ट्यात त्याच लोकांच्या पांढऱ्या मात्र आपल्याला सापडतात, खापऱ्या आणि मण्यांसह, जरी पांढरीची माती खत म्हणून पिढ्यानपिढ्या खणून नेली गेली आहे. मातीची घरे असलेली वस्ती टिकते आणि धोंड्यांची थडगी तेवढी मागमूस न ठेवता पुसली जातात, हे पटण्यासारखे नाही. शिवाय काळी उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर बसवलेले कडे काही वर्षांत कलंडले असते. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांना खूण टिकणारी हवी होती, म्हणून त्यांनी टिकवणारी जमीन निवडली, आणि टिकाऊ खूण कुणाला हवी असते, हा प्रश्न आपल्याला पुन्हा हक्काच्या मुद्द्यावर आणून सोडतो.

बरडीचे महत्त्व कळायला पावसाळा लक्षात घ्यावा लागतो. पुराणवस्तूंचा नकाशा आपण कोरड्या दिवसांत पाहतो आणि उत्खननेही हिवाळ्या-उन्हाळ्यात होतात. पण जून ते सप्टेंबर या काळात हा मुलूख वेगळाच असतो. काळी चिखल होते, त्यात बैलाचा पाय रुततो, ओढे घटकेत भरतात. या वर्तुळांच्या संशोधनाच्या इतिहासातच त्याचा दुःखद दाखला आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे नागपूरच्या भूगर्भशास्त्राचे आद्य अभ्यासक. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. 4 सप्टेंबर 1863 रोजी, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेलेले हिस्लॉप परतीच्या वाटेवर पुराने चढलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांचे आदिवासी समाजांविषयीचे टिपण पुढे टेंपलनी 1866 मध्ये प्रसिद्ध केले. घोड्यावर स्वार, त्या मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस सप्टेंबरातल्या एका ओढ्याने नेला, तर गुरांचे कळप हाकणाऱ्यांनी पावसाचे चार महिने कुठे काढावेत? मुरमाड उंचवट्यावर. पाय कोरडा राहतो तो तिथे, गवत हिरवे असते ते तिथे आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याची पावसाळी वाटही तिथूनच. पाऊस ओसरला की कळप खाली येतो आणि काळीत गहू-मसूर पेरले जातात. वर्षाचा एक भाग नदीकाठी आणि एक भाग माथ्यावर असे जगणाऱ्या समाजाला माथ्यावरची जागा आठ महिने राखणदाराविना सोडावी लागते. तिथे दुसऱ्या गावाचा कळप शिरला तर कोणते साक्षीदार दाखवायचे? आमचे आजे-पणजे इथे आहेत, यापेक्षा मोठी साक्ष त्या काळात नसावी.

हे वाचून कुणी म्हणेल, मग हे लोक भटकेच होते असे सरळ का म्हणू नये? तसे म्हटले गेले आहे, आणि पुष्कळ काळ. 1867 मध्ये मेजर पियर्स यांनी कामठीच्या छावणीजवळ वारेगावचे टेकाड खणले. त्याच वर्षी रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीला कुदळ लावली. रिव्हेट-कार्नाक हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस कमिशनर. काळीवरच्या कापसासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नावावर बरडीवरचे संशोधन जमा व्हावे, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो. युरोपातल्या थडग्यांशी असलेले साम्य त्या पिढीच्या डोळ्यांत भरले, आणि सिथियन घोडेस्वारांच्या टोळ्या मध्य आशियातून इकडे उतरल्या असाव्यात, अशी कल्पना रुजली. इकडच्या लोकपरंपरेत ही वर्तुळे गवळ्यांची मानली जात, हेही त्यांनी नोंदवले. पुढे 1974 मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी दक्षिण भारतातील महापाषाणीय थडग्यांवरच्या ग्रंथात त्यांचे कर्ते भटके पशुपालक असल्याचे अधिक शास्त्रीय रीतीने मांडले. त्यांना तसे वाटण्याचे कारण उघड आहे. तोवर थडगी शेकड्यांनी माहीत होती आणि वस्त्या फारच थोड्या. पण शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूर विद्यापीठ, मग डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व खाते यांच्या वतीने 1968-69 च्या टाकळघाट-खापा उत्खननापासून जे काम उभे केले, त्याने चित्र बदलले. नैकुंडला घरांच्या जमिनी आणि खांबांचे खळगे मिळाले, शिवाय मातीच्या वक्र विटांची लोखंड गाळायची लहान भट्टी, भात्याच्या नळ्या आणि लोहकीट मिळाले. भागीमोहारीला गहू, तांदूळ, जव आणि मसूर यांचे जळके दाणे मिळाले. म्हणजे खरिपाचे आणि रब्बीचेही पीक. भट्टी बांधणारा आणि दोन हंगामांची पिके घेणारा समाज पूर्ण भटका नसतो. गवळ्यांची परंपरा आणि शेतकऱ्यांचे दाणे, दोन्ही मला खरे वाटतात. या समाजाचे एक पाऊल काळीत आणि एक बरडीवर होते, असे मानले तरच थडगी वर आणि कोठारे खाली का, याचा उलगडा होतो.

घोड्याचा प्रश्न मात्र उरतोच आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. माहूरझरी, नैकुंड, खैरवाडा इथल्या वर्तुळांत घोड्याची हाडे, लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज मिळाला. माहूरझरीच्या घोड्याच्या हाडांवर हत्याराच्या खुणा आहेत, म्हणजे जनावर विधीसाठी मारले होते. सोबत तांब्याच्या मुठीचे खंजीर, कुऱ्हाडी, पक्ष्यांच्या आकृत्या बसवलेली तांब्याची झाकणे, सोन्याचे दागिने, कार्नेलियनचे मणी. यावरून चौथा आक्षेप निघतो: ही साऱ्या गावाची थडगी नसून मोजक्या बड्यांची आहेत, आणि त्यांत जमिनीच्या हक्कापेक्षा श्रीमंतीचे प्रदर्शन जास्त आहे. ती मोजक्यांची आहेत, हे मलाही मान्य आहे. जुनापाणीची 300 वर्तुळे आणि इ.स.पू. 800 ते 400 असा ढोबळ काळ धरला तरी वर्षाला एक थडगेही भरत नाही. एका लहान गावातही माणसे त्याहून कितीतरी जास्त दगावतात. बाकीच्यांचे काय झाले, ते जाळले की वाहत्या पाण्यात सोडले, याची खूण उरलेली नाही. पण निवड होती यानेच माझा मुद्दा पक्का होतो. पुष्कळ वर्तुळांत पूर्ण सांगाडा नसतो; काहीच हाडे असतात, आणि काही ठिकाणी एका कड्यात एकापेक्षा अधिक माणसांची. म्हणजे मृत्यू कुठेही झाला तरी निवडक अवशेष या ठरावीक माथ्यावर आणले जात होते. श्रीमंती दाखवायची तर ती वस्तीत, सर्वांसमोर दाखवता आली असती. ती इथे आणून पुरली, जिथे ती पुन्हा कुणाला दिसणार नव्हती. दिसणार होते ते फक्त बाहेरचे कडे. घोड्याचे मोल या जागेवर खर्च केले गेले, आणि ज्या जागेवर एवढा खर्च होतो ती जागा गावाच्या दृष्टीने साधी नसते. घोडा हा तर माथ्याचाच प्राणी. कळप राखायला, दुसऱ्यांचा पळवायला आणि आपला परत आणायला त्याचाच उपयोग.

ही टेकाडे बुटकी आहेत, दुरून दिसतही नाहीत, मग खुणा कसल्या, असाही एक संशय घेता येईल. पण खूण कोणासाठी आहे, हे पाहायला हवे. किल्ल्याचा बुरूज दूरच्या शत्रूसाठी असतो. ही वर्तुळे चालत येणाऱ्या, गुरांमागून फिरणाऱ्या माणसासाठी आहेत. जुनापाणीच्या माळावर एक कडे ओलांडले की पुढे दुसरे येते, दुसऱ्यानंतर तिसरे, आणि काही वेळातच आपण कुणाच्या तरी हद्दीत आलो आहोत हे पायांनाच समजते. एका पिढीने एक गट सुरू करावा, पुढच्यांनी त्याला लागून आपली कडी बसवावी, अशी ही वाढ आहे. काही कड्यांच्या धोंड्यांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, ओळीने किंवा एकमेकांना छेदणाऱ्या ओळींत. त्यांच्या दिशांचा संबंध आकाशाशी लावण्याचा प्रयत्न अलीकडे झाला आहे. तो बरोबर असो वा नसो, हे खळगे जवळ जाऊन उकिडवे बसल्याशिवाय नीट दिसत नाहीत. पुरून झाल्यावरही लोक तिथे परत येत होते आणि धोंड्यांकडे पाहत होते, एवढे त्यावरून म्हणता येते.

इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंत विदर्भात अडम, पवनी, कौंडिण्यपूर यांसारखी नदीकाठची नगरे नावारूपाला आली होती. पवनीला भव्य स्तूप उभे राहिले, आणि जमिनीचा हक्क सांगणारी नवी यंत्रणा आली: राजा, अधिकारी, कोरलेला लेख. बरडीवरच्या वर्तुळांची प्रथा मागे पडली, आणि माझ्या दृष्टीने त्याचे कारण धर्मबदलाइतकेच त्यांचे काम दुसऱ्या कुणी घेतले हेही आहे.

आता या वर्तुळांचे जे होते आहे त्याकडे याच मुद्द्याच्या उजेडात पाहावे लागते. नागपूर जिल्ह्यातील केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या यादीत शिळावर्तुळांची कितीतरी गावे आहेत. स्मारक संरक्षण कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनुसार स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रण आहे. कायदा कड्याला वाचवू शकतो. पण कडे ज्याच्यासाठी बांधले तो माथा, खालची पांढरी आणि त्यांना जोडणारा ओढा हे तीनही 300 मीटरांत मावत नाहीत. मुरूम उपसण्यासाठी पहिली नजर बरडीवरच जाते, आणि शहराचे ले-आउटही आधी तिथेच पडतात, कारण तिला आजही पडीकच समजले जाते. ही वर्तुळे नाहीशी होण्याआधी एक काम तातडीने व्हायला हवे आणि ते फार खर्चाचे नाही. मध्य प्रांताच्या जमीनबंदोबस्तात शेताशेताची जमीन काळी, मोरंड, खरडी की बरडी हे नोंदवले गेले, तेही ट्रॅक्टर आणि मुरूम-खाणी येण्याच्या कितीतरी आधी. त्या नोंदींवर प्रत्येक ज्ञात वर्तुळ, प्रत्येक पांढरी आणि प्रत्येक ओढा गावागणिक मांडला, तर नांगराने पुसले किती आणि माणसाने निवडले किती, हे वेगळे करता येईल. वर्तुळे जर काळीच्या अगदी कडेपर्यंत आणि तिच्या आतही तितक्याच दाटीने निघाली, तर इथे मांडलेला दावा मागे घ्यावा लागेल. ती गुरांच्या वाटांच्या आणि दोन गावांच्या शिवांच्या बाजूने गटागटाने निघाली, तर विदर्भातल्या सर्वांत जुन्या हद्दी आपल्या हाती लागतील.